पाणकाठचे गवत

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या वैशाखात आमच्या कळपातली एक मेंढी मेली. मेंढी मरणे ही मेंढपाळाच्या घरी नवी गोष्ट नाही. पण हिचे मरण वेगळे होते. दोन महिने ती चरत होती, पाणी पीत होती, आणि तरीही दिवसेंदिवस खंगत होती. पापणी उलटून पाहिली तर आत लाली नव्हती, नुसती पांढरी फटक. शेवटी शेवटी खालच्या जबड्याखाली पाण्याने भरल्यासारखी मऊ सूज लोंबू लागली, आणि एके सकाळी ती उठलीच नाही.

त्या दिवशी जनावरांचे डॉक्टर लसीकरणासाठी गावात आले होते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना बोलावले. डॉक्टरांनी मेंढी फाडली, यकृत बाहेर काढले आणि त्यातल्या जाड झालेल्या नळ्या सुरीने चिरल्या. आतून कडुलिंबाच्या पानासारखे काहीतरी बाहेर आले. एक, दोन, दहा, वीस. करड्या-तपकिरी रंगाची ती पाने हळूहळू हलत होती.

दादा म्हणाले, "हिनं खाल्लेला पालाच आत जिता झाला म्हणायचा का काय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, "पाला नव्हे, जंत आहेत. चपटे कृमी. तुमच्या तळ्याच्या काठावरून आलेत."

तळ्याच्या काठावरून मेंढीच्या यकृतात? मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. पण हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले, जे कळले नाही ते जाणकारांना विचारले. त्या वाचनातून जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

चपटे ते का?

आपल्याकडे पोटात जे जे वळवळते ते सगळे 'जंत'. शास्त्र मात्र त्यांत भेद करते. गांडुळाच्या अंगावर कड्यांसारखी वलये असतात, म्हणून तो वलयी कृमी. लहान मुलांच्या पोटातून पडणारे लांब जंत आणि एके काळी आपल्या खेड्यापाड्यांना छळणारा नारू हे गोल कृमी. (नारूपासून आपला देश मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली जाहीर केले.) तिसरा मोठा गट चपट्या कृमींचा. त्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. काही उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत, तर काही कित्येक मीटर लांब असतात.

या प्राण्यांचे अंग चपटे का, याचे कारण मोठे मजेचे आहे. त्यांना फुप्फुसे नाहीत, कल्ले नाहीत, रक्तही नाही. प्राणवायू कातडीतूनच झिरपत आत जातो आणि पेशीपेशीला पोहोचतो. आता भाकरी आणि रोडगा यांचा विचार करा. पातळ भाकरी आतपर्यंत भाजते, जाड रोडगा मध्ये कच्चा राहतो. तसेच या कृमींचे. अंग जाड झाले तर मधल्या पेशी गुदमरतील, म्हणून पातळ आणि पसरट राहण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

त्यांपैकी बहुतेकांच्या अन्नमार्गाला एकच दार असते. ज्या तोंडाने खायचे त्याच तोंडाने उरलेसुरले बाहेर टाकायचे. पट्टकृमींना तर तोंड नाही आणि आतडेही नाही. दुसऱ्याच्या आतड्यात राहून तयार अन्न ते अंगानेच शोषून घेतात. अंगातले जादा पाणी बाहेर टाकण्यासाठी या गटात विशेष पेशी असतात. त्यांतील केसांचा झुबका दिव्याच्या ज्योतीसारखा फडफडतो, म्हणून त्यांना 'ज्योतपेशी' असे सुंदर नाव मिळाले आहे. शिवाय बहुतेक चपटे कृमी उभयलिंगी असतात. नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये एकाच अंगात असतात.

स्वतंत्र राहणारे भाऊबंद

मेंढीचे यकृत पाहून हा सारा गटच दुष्ट आहे असे मला वाटले होते. तसे नाही. शेकडो नव्हे, हजारो जाती कोणाच्या अध्यात ना मध्यात, स्वतंत्रपणे जगतात.

स्वच्छ ओढ्याच्या पाण्यात दगड उलटला तर एखाद्या वेळी प्लॅनेरिया दिसतो. लांबी फार तर एक-दोन सेंटिमीटर. डोक्यावर दोन ठिपक्यांसारखे डोळे, तेही तिरळे वाटणारे. तोंड डोक्याला नसून पोटाच्या मध्याशी असते. या इवल्या जिवाचा पराक्रम मात्र थक्क करणारा आहे. त्याचे दोन तुकडे केले तर डोक्याकडच्या तुकड्याला शेपूट फुटते आणि शेपटाकडच्या तुकड्याला डोके. थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले, की मूळ अंगाच्या २७९ व्या भागाएवढा तुकडासुद्धा पूर्ण प्राणी घडवू शकतो. हेच मॉर्गन पुढे फळमाशीवरील आनुवंशिकतेच्या संशोधनासाठी १९३३ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. प्लॅनेरियाच्या अंगभर विखुरलेल्या 'निओब्लास्ट' नावाच्या मूळ पेशी हे काम करतात हे आता कळले आहे. उपासमार झाली तर हा प्राणी मरत नाही, आकसत जातो. अन्न मिळाले की पुन्हा वाढतो. दुष्काळात कसे जगावे हे त्याच्याकडून शिकावे!

पावसाळ्यात कुंडीखाली किंवा ओल्या पालापाचोळ्यात दुसरा एक नातेवाईक भेटतो. लांब, चिकट, पाठीवर गडद रेघा आणि फावड्याच्या पात्यासारखे पसरट डोके. हा जमिनीवरचा चपटा कृमी. यांपैकी एका जातीचे वर्णन मोझली यांनी १८७८ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातील काचघरात सापडलेल्या नमुन्यावरून केले. तिचे मूळ घर आग्नेय आशिया. रोपांच्या मातीबरोबर ती जगभर पोहोचली. गांडूळ हे तिचे आवडते खाद्य. माणसाने हौसेने किंवा गरजेने असा प्राणी परक्या मुलखात नेला तर काय होते, याचाही धडा आहे. पॅसिफिक महासागरातील काही बेटांवर आफ्रिकेतील मोठ्या गोगलगायीचा नायनाट करण्यासाठी न्यू गिनीकडचा एक चपटा कृमी मुद्दाम सोडण्यात आला. त्याने तिथल्या मूळच्या निरुपद्रवी गोगलगायींचाही फडशा पाडला.

उष्ण समुद्रांत प्रवाळांच्या आसपास तर या गटाचे वैभव काही और असते. जांभळे, नारिंगी, काळ्यावर पिवळी किनार असलेले चपटे कृमी पाण्यात झालर हलवावी तसे पोहतात. त्यांची छायाचित्रे पाहताना, हेच आमच्या मेंढीच्या यकृतातल्या पानांचे गणगोत यावर विश्वास बसत नाही.

जुन्या पाठ्यपुस्तकांत या प्राण्यांचे तीन वर्ग दिलेले असत: स्वतंत्र राहणारे, पानासारखे परजीवी आणि पट्टीसारखे परजीवी. आता शास्त्रज्ञ असे मानतात, की माशांच्या कल्ल्यांना चिकटणारे, पानासारखे आणि पट्टीसारखे असे सगळे परजीवी गट एकाच पूर्वजापासून आले. म्हणजे फार प्राचीन काळी यांच्यातल्या एका शाखेने स्वतंत्र संसार सोडून दुसऱ्याच्या घरात राहण्याचा मार्ग धरला.

पाचशे वर्षे न सुटलेले कोडे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तळ्याचा काठ आणि मेंढीचे यकृत यांचा संबंध काय?

हा प्रश्न आमच्या दादांना पडला तसा फार पूर्वी फ्रान्समधल्या एका मेंढपाळालाही पडला होता. त्याचे नाव जेआँ द ब्री. १३७९ साली राजा पाचव्या चार्ल्सच्या सांगण्यावरून त्याने मेंढ्या राखण्याच्या विद्येवर पुस्तक केले. मेंढीच्या यकृत सडण्याच्या रोगाविषयी त्याने जे सांगितले ती या कृमीची सर्वांत जुनी नोंद मानतात. पाणथळ जागी उगवणारी एक वनस्पती खाल्ल्याने हे होते, असे त्याचे मत होते. वाचता वाचता मी थांबले. "पालाच आत जिता झाला म्हणायचा का काय?" हे दादांचे वाक्य मला आठवले. सहाशे वर्षांचे आणि हजारो कोसांचे अंतर, पण दोन मेंढपाळांची शंका एकच!

पुढे १६६८ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को रेडी यांनी या कृमीची नोंद केली. तरी तो मेंढीच्या पोटात शिरतो कसा, हे कोणालाच सांगता येईना. १८७९-८० साली इंग्लंडमध्ये अतिवृष्टी झाली, राने पाण्याखाली राहिली आणि या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या. तेव्हा तेथील शेतकी संस्थेने शोधासाठी पैसा दिला आणि ऑक्सफर्डच्या अल्जर्नन थॉमस या तरुणाने काम हाती घेतले. त्याचे वय त्या वेळी अवघे तेवीस वर्षांचे होते. त्याच वेळी जर्मनीत रूडॉल्फ लॉइकार्ट हे नामांकित प्राध्यापक त्याच प्रश्नाशी झुंजत होते. दोघांनी स्वतंत्रपणे शोध लावला, की या कृमीचे अर्धे आयुष्य चिखलातल्या एका लहानशा गोगलगायीत जाते. १८८३ पर्यंत हे चक्र जवळजवळ पूर्ण उलगडले. एक कडी राहिली होती, ती १८९०नंतरच्या दशकात आडोल्फो लुट्झ या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवर जोडली: कृमीची कोषात बसलेली पिल्ले गवताबरोबर गिळली गेल्यानेच जनावराला लागण होते. म्हणजे १३७९ पासून मोजले तर पाचशेहून अधिक वर्षे लागली.

कृमीचा प्रवास

हा प्रवास असा आहे. यकृताच्या पित्तनळ्यांत बसलेला लिव्हर फ्ल्यूक रोज हजारो अंडी घालतो. ती पित्ताबरोबर आतड्यात आणि लेंडीबरोबर बाहेर पडतात. कोरड्या माळावर पडली तर संपली. पाण्यात पडली तर दोन-तीन आठवड्यांत त्यांतून सूक्ष्म केसाळ पिल्लू निघते. त्याच्याजवळ जेमतेम एका दिवसाचे आयुष्य असते. तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय गाठली तर ठीक, नाहीतर मृत्यू.

गोगलगायीच्या अंगात शिरल्यावर मात्र त्याचे नशीब पालटते. तेथे ते पिशवीसारखे होते, त्या पिशवीत पुढची पिढी वाढते (तिला रेडी यांच्या नावावरून 'रेडिया' म्हणतात) आणि तिच्यातून शेपटीवाली पिल्ले तयार होतात. एका पिल्लाची अशी शेकडो पिल्ले! ती गोगलगायीतून बाहेर पडतात, पोहत काठच्या गवताला चिकटतात, शेपूट टाकून देतात आणि स्वतःभोवती कोष करून बसतात. हा कोष मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. ओल असेल तर तो अनेक आठवडे जिवंत राहतो. कडक ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही.

मेंढी ते गवत खाते. कोष फुटतो, पिल्लू आतडे भेदून पोटाच्या पोकळीत येते, तेथून यकृतात घुसते आणि कित्येक आठवडे यकृत पोखरत पित्तनळीपर्यंत पोहोचते. तेथे ते मोठे होते, अंडी घालू लागते आणि चक्र पुन्हा सुरू होते.

थंड देशांत आढळणारी जात फॅसिओला हिपॅटिका. आपल्याकडच्या मैदानी मुलखात मुख्यतः फॅसिओला जायगँटिका आढळते. ती अधिक लांब, सात सेंटिमीटरपर्यंतही वाढते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी कोणालाही ती सोडत नाही.

हे वाचले आणि आमच्या गावचा पाझर तलाव माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. माघ-फाल्गुनात रान वाळते, तलावाचे पाणी आटत मागे सरते आणि उघड्या पडलेल्या चिखलावर हिरवेगार गवत उगवते. भुकेली जनावरे तिकडेच धाव घेतात. तेथेच पाणी पितात, तेथेच लेंड्या टाकतात, तेथेच चरतात. कृमीला याहून सोयीचे घर कोणते?

मी घरी जाऊन हे सारे दादांना सांगितले. वाटले होते, ते चकित होतील. ते शांतपणे म्हणाले, "आमचा म्हातारा म्हणायचा, पाणकाठचं गवत गोड लागतं पण अंगी लागत नाही. पर का, ते त्यालाबी ठावं नव्हतं."

म्हणजे जेआँ द ब्री अर्धा बरोबर होता, माझे पणजोबाही अर्धे बरोबर होते. दोघांना जागा कळली होती, कारण कळले नव्हते. आणि कारण कळले नाही की दुष्काळात माणूस अनुभवाचे शहाणपण बाजूला ठेवून जनावर तलावाकडे हाकतो. गवत तर डोळ्यांपुढे हिरवे दिसत असते!

कातडीतून येणारे आणि कुत्र्याकडून येणारे

पानासारख्या कृमींपैकी काही माणसाच्या वाट्यालाही येतात. शिस्टोसोमाची पिल्ले गोगलगायीतून पाण्यात उतरतात आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरतात. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ साली कैरो येथे हा कृमी शोधला. १९१० साली रुफर यांना तीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन ममींमध्ये त्याची अंडी आढळली. आफ्रिकेतला हा रोग आपला नव्हे असे आपण म्हणू. परंतु आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे रुग्ण असल्याचे गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

पट्टकृमींची तऱ्हा निराळी. डुकराच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरच्या घाणीतून ती पाण्यात, भाजीपाल्यावर आणि हातावर येतात. ती पोटात गेली की पिल्ले रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून तेथे गाठी करू शकतात, आणि मग माणसाला झटके येऊ लागतात. आपल्या देशात फेफऱ्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. "आम्ही माळकरी, आम्हाला डुकराचा जंत कुठला?" असे म्हणून भागत नाही, न धुतलेली कोथिंबीर माळ पाहत नाही. झटके आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याऐवजी दवाखान्यात नेले पाहिजे, कारण अशा पुष्कळ रोग्यांना औषधाने गुण येतो.

आणि आमच्या घराशी सर्वांत जवळचा कृमी म्हणजे एकायनोकॉकस. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा हा पट्टकृमी अवघा काही मिलिमीटर लांब. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, अंगणात आणि कुत्र्याच्या केसांवर येतात. ती मेंढीच्या किंवा माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ धरते आणि वर्षानुवर्षे वाढत राहते. अशी गाठ असलेले यकृत कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण. जत्रेत बकरे कापल्यावर नको असलेला भाग आपण कुत्र्यापुढे टाकतो. कुत्रा इमानी, म्हणून प्रेमाने टाकतो. ते प्रेम महाग पडू शकते.

एका पुस्तिकेची गोष्ट

हे सारे वाचून मन उदास झाले होते. अशा वेळी आइसलँडची हकीकत वाचायला मिळाली. गेल्या नव्हे, त्याच्याही मागच्या शतकात त्या मेंढपाळांच्या देशात याच गाठीच्या रोगाने हाहाकार माजवला होता. त्या वेळी शस्त्रक्रिया जोखमीची होती आणि खात्रीचे औषध नव्हते. हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ साली तेथे जाऊन अभ्यास केला आणि १८६४ मध्ये लोकांच्या भाषेत एक लहानशी पुस्तिका घरोघरी वाटण्यात आली. रोग कसा होतो, कुत्र्याला काय खायला घालू नये, गाठी आलेले अवयव कसे नष्ट करावेत, एवढेच त्यात होते. तेथील लोकांना वाचता येत होते. त्यांनी वाचले आणि तसे वागले. पुढे १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना दरवर्षी जंताचे औषध देणे बंधनकारक झाले. हळूहळू त्या देशातून हा रोग नाहीसा झाला.

ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. चपट्या कृमीला पाय नाहीत, तरी तो लेंडीपासून पाण्यात, पाण्यापासून गोगलगायीत, गवतात आणि यकृतात फिरतो. त्याचा रस्ता लांब आहे आणि त्यातच त्याचा दुबळेपणा आहे. तो रस्ता एका ठिकाणी तोडला तरी पुरते. मात्र तोडण्यासाठी तो आधी माहीत हवा.

यंदा आमच्या घरी तीन गोष्टी झाल्या. तलावाकाठचे गवत मेंढ्यांना उभे चारायचे नाही. कापून, छपरावर कडक वाळवून मगच घालायचे. डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून ठरल्या वेळी मेंढ्यांना आणि कुत्र्याला जंताचे औषध द्यायचे. आणि कापलेल्या जनावराचा टाकाऊ भाग कुत्र्यापुढे न टाकता खोल पुरायचा. पहिली गोष्ट सोपी नाही. दुपारभर कापणी करावी लागते आणि आईच्या हाताला फोड येतात. शेजारचे अजून हसतात.

परवा दादांनी विचारले, "त्या पुस्तकात अजून काय काय लिव्हलंय?" दादांना सही करण्यापुरतेच लिहिता येते. मी रोज संध्याकाळी त्यांना थोडे थोडे वाचून दाखवते. हा लेख छापून आला की तोही वाचून दाखवणार आहे. चूक असेल तर ती ते पहिल्यांदा सांगतील, कारण पाणकाठचे गवत त्यांनी माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे.